आईच्या पासष्ट ग्रॅमचा तपास

आमच्या घरातून रोज अंदाजे तीस ग्रॅम प्रोटीन चोरीला जात होतं आणि चोर घराला चांगलाच ओळखीचा होता, याबद्दल मला तपासाच्या पहिल्या दिवसापासून खात्री होती. सोनं, मोबाईल, गेलाबाजार सायकल चोरीला गेली तर पोलीस निदान तक्रार तरी लिहून घेतात. प्रोटीन गेलं म्हणून चौकीत गेलं, तर ते आधी माझ्याकडे बघतील, मग एकमेकांकडे बघतील आणि म्हणतील, पालकांना घेऊन ये. पालकांनाच न्यायचं असतं तर मी हा तपास हाती कशाला घेतला असता? संशयितांत एक पालक होते, आणि ज्यांचं चोरीला जात होतं त्याही पालकच.

आईचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं होतं. ते का करावं लागलं, कुणी सुचवलं आणि कागदावर सही करताना पप्पांचा हात किती वेळा थांबला, यात मी शिरत नाही. मुद्द्याचं एवढंच, की ऑपरेशननंतर आईचं पोट वाटीएवढं उरलं. आमटीची वाटी नव्हे. देवापुढे दूधसाखर ठेवतो ती. आणि या वाटीत रोज पासष्ट ग्रॅम प्रोटीन गेलं पाहिजे, असं हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ शर्लिन मॅडमनी सांगितलं होतं. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं, प्रत्येक घास वीस वेळा चावून. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरलीच तर भात. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी अर्धा तास नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही.

"मग पाणी प्यायचं कधी?" पप्पांनी विचारलं.

"मधल्या वेळात," मॅडम म्हणाल्या.

पप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मधला वेळ उरत नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, पण पप्पा ऑफिसात वीस वर्षं टिकले आहेत ते उगाच नाही. गप्प बसले.

आता माझ्याविषयी. मी दहावीत आहे आणि जूनपासून वर्गाची मॉनिटर. नववीपर्यंत मी हजेरीला 'हजर' इतकं हळू म्हणायचे, की बाईंनी मला वर्षभरात अकरा वेळा गैरहजर लावलं. यंदा मात्र वक्तृत्व स्पर्धेत नंबर आला आणि काहीतरी सुटलं. आता माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. बाईंच्या मते तो भिंत ओलांडून मुख्याध्यापकांपर्यंत जातो. इतका आवाज आणि इतका उत्साह नुसत्या वर्गात मावत नाही. म्हणून घरच्या प्रोटीनची जबाबदारी मी आपणहून उचलली.

पहिलं काम, स्वच्छता मोहीम. साखर, पोहे, रवा, साबुदाणा, बिस्किटं, फरसाण, सगळं एका बॅगेत भरून, कुलूप लावून माळ्यावर टाकलं आणि किल्ली माझ्या कंपासपेटीत. घरात राहिलं ते फक्त कामाचं : अंडी, पनीर, डाळी, दही, प्रोटीन पावडरचा व्हॅनिला वासाचा मोठा डबा आणि अर्नाळ्याहून येणाऱ्या लुईझा मावशींची मासळी. दुसरं काम, फ्रिजवर चार्ट. दोन अंडी बारा, पावडर चोवीस, मासे पंधरा, पनीर नऊ, वाटीभर डाळ पाच. बेरीज पासष्ट. खाल्लं की आईनं त्या रकान्यात बरोबरची खूण करायची. माझ्या शाळेची वेळ सकाळची, त्यामुळे दिवसाचे पहिले तीन रकाने तिच्या भरवशावर होते. इथेच माझं चुकलं. पण तेव्हा चार्टवरच्या खुणा इतक्या सरळ आणि सुरेख होत्या, की संशय यावा कसा?

आईची फक्त एक अट होती. बिल्डिंगमध्ये कुणाला कळता कामा नये.

"खडे काढले म्हणून सांगायचं. पित्ताशयाचे," तिनं आम्हाला बजावलं. "नाहीतर म्हणतील, खाऊन खाऊन वाढवलं आणि आता कापून कमी केलं."

"कोण म्हणेल असं?"

"कोण नाही म्हणणार ते विचार."

तर खडे. समोरच्या दारातल्या सुनंदा काकूंना खड्यांबद्दल कळलं आणि अर्ध्या तासात त्या शिऱ्याचा डबा घेऊन हजर झाल्या. "खडे काढले की पोटात उष्णता राहते, शिरा थंड," म्हणाल्या. चौथ्या दिवशी गव्हाची खीर. सहाव्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वर एक सूचना : "कुळथाचं कढण पण दे गं संपदा आईला. उरलेले खडे विरघळतील."

"उरलेले? काकू, डॉक्टरांनी सगळे काढलेत."

"डॉक्टर मोजतात होय!"

मुळात खडेच नव्हते, तर मोजणार काय?

काकूंचं बघून वरच्या मजल्यावरच्या दोघी-तिघींनीही डबे सुरू केले. आमच्या मनवेलपाड्याच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, पण डब्यांना लिफ्ट लागत नाही. आई त्यातला चमचाभर चाखायची, बाकीचं पप्पा आणि मी संपवायचो, आणि संध्याकाळी ते डबे ज्याचे त्याला पोचवणं हे माझं काम. झाकण घट्ट लावलेलं, वर रुमालाची गाठ. प्रोटीन अधिकाऱ्याला असली हमालाची कामं शोभत नाहीत, हे मी आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अधिकारी बाई, जाताना खालचा दिवा लावा."

दोन महिन्यांनी रक्त तपासलं. शर्लिन मॅडमनी एका हातात माझा चार्ट धरला, दुसऱ्या हातात रिपोर्ट.

"चार्ट म्हणतो पासष्ट," त्या म्हणाल्या. "रक्त म्हणतंय, आमच्याकडे काही आलंच नाही."

आई जमिनीकडे बघत बसली. तिचे केस मूठमूठ जात होते, जिना चढताना ती भिंतीला हात लावत होती, आणि आम्ही तिघांनी हे ऑपरेशनच्या खात्यावर टाकून दिलं होतं.

"एक महिना देते," मॅडम म्हणाल्या. "आकडा वर आला नाही तर दाखल करायचं आणि नाकातून नळी घालून द्यायचं. मला हौस नाही, पण मग इलाज नाही."

नळी म्हटल्यावर आईनं टेबलाखाली माझा हात पकडला. त्या हातात किती कमी जोर होता ते मला त्या दिवशी कळलं. घरी आल्यावर मी नवीन वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं : संशयित.

पहिले संशयित, पप्पा. कारण उघड आहे. त्यांना पनीर आवडतं, अंडं आवडतं, आणि ते रात्री फ्रिज उघडतात. पावडरच्या डब्यात मी पेन्सिलनं रेघ मारली आणि झाकणावर आईचा एक केस चिकटवला. केसांचा घरात तुटवडा नव्हता. दुसऱ्या दिवशी केस गायब, पावडर दोन बोटं खाली. मी पप्पांना गाठलं.

"पप्पा, तोंड उघडा."

"काय?"

"वास घ्यायचाय. व्हॅनिलाचा."

पप्पांनी तोंड उघडलं. वास आला तो जवसाच्या चटणीचा. चटणी त्यांनी ऑफिसच्या बॅगेत लपवली होती आणि नुसतीच खात होते. फरसाण माळ्यावर गेल्यापासून माणूस कुठल्या थराला गेला होता! मी त्यांना समज देऊन सोडलं, पण वहीतलं नाव खोडलं नाही.

दुसऱ्या संशयित, लुईझा मावशी. त्या आठवड्यातून चार दिवस टोपली घेऊन यायच्या आणि आईसाठी मुद्दाम मऊ मासे काढून ठेवायच्या. मला वाटलं, वजनातच गडबड असेल. म्हणून एके दिवशी मी त्यांचे मासे आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुन्हा मोजले. पन्नास ग्रॅम जास्तच भरले.

"झालं का समाधान, पोलीसबाय?" मावशी पदरानं घाम पुसत म्हणाल्या. "आता मी इचारते. एवढा मुडदुसा नेता, मग आईचं तोंड असं सुकलेलं कसं? मांजर पालली का घरात?"

मांजर! मी वहीत तिसरा संशयित लिहिला. बिल्डिंगमध्ये एक पिवळा बोका आहे. त्याच्यावर मी दोन दिवस पाळत ठेवली. तो दोन्ही दिवस पाण्याच्या टाकीवर झोपला होता. चोरीचं खाणाऱ्याला एवढी झोप लागणं शक्य आहे, पण पावडरच्या डब्याचं झाकण त्याला फिरवता येणार नाही.

चौथ्या संशयित, सुनंदा काकू. त्या रोज अकराला 'जरा तोंड बघून जाते' म्हणून येत, आणि आईला नीट न्याहाळत. इतकं न्याहाळत, की रविवारी घरी असले की मला ते खटकायचं. शिवाय गेल्या महिन्याभरात काकूंचे गाल वर आले होते. मी वहीत लिहिलं, 'गाल. कारण शोधणे.'

कारण मला आपणहून भेटायला आलं. एका संध्याकाळी मी नेहमीसारखे तीन डबे घेऊन निघाले. सुनंदा काकू दारातच उभ्या होत्या.

"आईला सांग हो, परवाचे लाडू छान होते. जरा चिकट होते, पण छान. काय घालते गं त्यात? आइस्क्रीमसारखा वास येतो."

"आइस्क्रीमसारखा?"

"व्हॅनिलाचा गं."

मी काकूंचा डबा त्यांच्या हातात दिला आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत पळत गेले. तिथे पायरीवर बसून उरलेल्या दोन डब्यांच्या गाठी सोडल्या. एकात दोन उकडलेली अंडी, मधोमध कापलेली, वर मीठ-मिरपूड आणि कोथिंबिरीचं पान. दुसऱ्यात पनीरचे तुकडे, जिऱ्याच्या फोडणीत परतलेले. दोन अंडी बारा. पनीर नऊ. लाडू धरून माझे तीस ग्रॅम बरोबर जुळत होते.

चोरीचा माल रोज संध्याकाळी सहा वाजता, रुमालाची गाठ मारून, मीच पोचवत होते. दोन महिने. तेही गाणं गुणगुणत.

मी तशीच घरी परत आले. आई ओट्यापाशी होती.

"आई, हे काय आहे?"

तिनं डब्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लोकांचा डबा रिकामा कसा द्यायचा, संपदा?"

"म्हणून अंडी?"

"मग काय घालू? साखर तू माळ्यावर टाकलीस. पोहे नाहीत, रवा नाही, एक बिस्कीट नाही घरात. जे होतं ते घातलं."

सगळ्या बिल्डिंगचा गोड मैदा-रवा आमच्या घरात येत होता आणि आमचं प्रोटीन घरोघर जात होतं, आणि या देवाणघेवाणीची सगळी व्यवस्था मी स्वतः लावली होती.

"आणि खुणा? चार्टवर खोट्या खुणा का केल्यास?"

आईनं छातीच्या मध्यभागी बोट ठेवलं. "दोन घास गेले की इथे दगड बसल्यासारखं होतं. तिसरा नको वाटतो. भीती वाटते. अर्धं अंडं उरतं, पनीर उरतं. टाकू? अन्न आहे ते. आणि तुम्ही दोघं शाळा-ऑफिसला गेलात की मी एकटी साडेदहा वाजता काय खात बसू? आयुष्यात कधी खाल्लं नाही असं. तुमची पानं झाल्याशिवाय."

मला तिचा राग आला होता तो कुठे ठेवावा हे कळेना. शेवटी मी तो डब्यांवर काढला. सुनंदा काकूंचा दुसऱ्या दिवशी आलेला डबा मी घासला, पुसला, आरशासारखा चकचकीत केला, आईला न सांगता समोर नेला आणि रिकामा दिला.

काकूंनी सवयीनं झाकण उघडलं. आत बघितलं. परत माझ्याकडे बघितलं.

"काही विसरलीस का गं?"

"नाही काकू. रिकामाच आहे. इथून पुढे असाच येईल."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी एक शब्दही न बोलता दार लावून घेतलं. सुनंदा काकू एक शब्दही न बोलता काही करतात, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या अकराला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. वरच्या मजल्यावरचे डबेही थांबले. जिन्यात बायका माझ्याकडे बघून बोलणं बंद करू लागल्या. मी ताठ मानेनं जात होते, पण ताठ मानेनं किती दिवस जाणार? मान दुखते. असं का झालंय ते आईला कळेना, आणि मी सांगेना.

आणि मग नोटीस आली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्रीरंग काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण सरकारी नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. ते रोज सकाळी काठीनं ओला कचरा तपासतात. विषय होता : 'निवासी सदनिकेत विनापरवाना खाणावळ चालविल्याबाबत खुलासा सादर करणे.' खाली पुरावे. एक, सदर सदनिकेच्या कचऱ्यात आठवड्याला सरासरी अठ्ठावीस अंड्यांची टरफले. दोन, मासळी विक्रेत्या महिलेची आठवड्यातून चार वेळा भेट. तीन, दररोज सायंकाळी सहा ते सात या वेळेत जिन्यावरून भरलेल्या डब्यांची वाहतूक. वाहतूकदार : कु. संपदा. चार, सदर वाहतूक अलीकडे अचानक थांबल्याने संशय बळावला आहे.

कागदोपत्री आपलं नाव आलं की माणूस जागच्या जागी मोठा होतो. मला खरं सांगायचं तर पाच सेकंद बरं वाटलं. मग घाम फुटला. खुलासा द्यायचा म्हणजे ऑपरेशन सांगावं लागणार, आणि आई तर पप्पांच्या सख्ख्या बहिणीलाही खडेच सांगून बसलेली.

पप्पा म्हणाले, "मी बोलतो श्रीरंगरावांशी." म्हणजे बोलणार नव्हते. म्हणून उत्तर मीच लिहिलं. निबंधात मला वीसपैकी अठरा पडतात. मी लिहिलं, 'आमच्या घरी खाणावळ नाही. जे डबे भरून आले ते रिकामे झाले, व रिकामे झालेले रिकामे जाऊ नयेत म्हणून भरून गेले. अंड्यांमागील कारण पूर्णपणे वैयक्तिक असून ते उघड करता येत नाही.'

श्रीरंग काकांनी 'वैयक्तिक' या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि रविवारी सकाळी रजिस्टर घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"वैयक्तिक अंडी म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"काका, तुम्ही बसता का आत?" पप्पा म्हणाले.

"चौकशी दारातच होते." तेवढ्यात लुईझा मावशी टोपली घेऊन जिना चढून आल्या. काकांना आनंद झाला. "या. साक्षीदार म्हणून विचारतो. या घरी आठवड्याला किती मासळी देता?"

मावशींनी टोपली खाली ठेवली. "काका, मी मासली इकते. चुगली नाय इकत."

"चुगली नाही, माहिती."

"माहितीचा भाव येगला." मावशींनी माझ्याकडे बघून डोळा मारला, पण लगेच गंभीर झाल्या. "खानावल अशी असते का? खानावलवाली बाय कधी अशी सुकलेली पाहिली?"

समोरचं दार चार बोटं उघडं होतं. त्या फटीत सुनंदा काकूंच्या साडीचा काठ दिसत होता. मी पुढे झाले. आवाज काढायला मी तयार होते. भाषण डोक्यात जुळलं होतं, सुरुवातीचं सुभाषितसुद्धा. पण मागून आईचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिनं मला बाजूला केलं. त्या हातात जोर नव्हता. तरी मी बाजूला झाले.

"खाणावळ नाही, काका," आई म्हणाली. तिनं चौकट धरली होती. "एका माणसाला जेवायला जमेना, त्याचा एवढा पसारा आहे. माझे खडे नव्हते. मी पोट कापून लहान करून घेतलंय. वजनासाठी. त्या अंड्यांवर मी जगायचं होतं, ते मला होईना, म्हणून ती तुमच्याकडे आली. आता हसा काय ते."

कुणीच हसलं नाही. श्रीरंग काका रजिस्टरमध्ये या उत्तराला योग्य रकाना शोधत राहिले. लुईझा मावशी म्हणाल्या, "मग मना आधी सांगाचं ना बाय! मी काट्याचे तुकडे देत बसले. साफ करून दिले असते."

समोरचं दार सताड उघडलं. सुनंदा काकू बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल होते आणि नाकही.

"वजन?" त्या म्हणाल्या. "नुसतं वजन?"

"सुनंदाताई, मी सांगणार..."

"केस गळतायत, गाल बसलेत, भिंत धरून चालतेस. खड्यांनी असं होतं का? माझी बहीण अशीच सुकत गेली होती. तिलाही घरचे खडेच म्हणत होते. सहा महिन्यांत गेली." काकूंचा आवाज फुटला. "रोज अकराला येऊन बघत होते, आज किती उरलीयेस ते. सहा सोमवार केलेत तुझ्यासाठी, निर्जळी. आणि त्या दिवशी रिकामा डबा आला, तेव्हा वाटलं, संपलं. आता हिच्यात चिमूटभर काही घालायचीही ताकद उरली नाही. तेव्हापासून घरात बसून रडतेय मी."

मी वहीतल्या 'गाल' या शब्दाचा विचार केला आणि माझे कान तापले.

"मला वाटलं, तुम्ही रागावलात," आई कशीबशी म्हणाली.

"आता रागावलेय!" काकू ओरडल्या. "माझे सहा सोमवार परत दे!"

आई हसली. हसता हसता रडायला लागली, मग दोघी रडायला लागल्या, आणि लुईझा मावशींनी दोघींच्या मधे हात घालून टोपली सरकवून घेतली, कारण मासळीवर अश्रू पडलेले गिऱ्हाइकाला चालत नाहीत. श्रीरंग काकांनी पप्पांना हळूच विचारलं, "मग खुलासा मान्य समजायचा का?" पप्पा डोळे पुसत होते. काकांनी आपल्या मनानंच लिहिलं, 'खुलासा तोंडी प्राप्त.' आणि जाताना म्हणाले, "ती अंडी उत्तम उकडलेली असत."

महिन्यातले सोळा दिवस उरले होते. माझ्याकडून चार्ट त्याच दिवशी काढून घेण्यात आला.

"तू शाळा बघ," सुनंदा काकू म्हणाल्या. "एकटीच्या घशाखाली जात नसतं. हे तुझ्या त्या मॅडमना कसं कळलं नाही?"

दुसऱ्या दिवसापासून काकू साडेदहाला स्वतःची बशी घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या. डबा नाही, नुसती बशी. समोरासमोर बसायचं आणि दोघींनी एकदम खायचं. रविवारी मी हे प्रत्यक्ष पाहिलं. काकू बोलायला लागल्या की मधे कुणाला तोंड उघडता येत नाही, त्यामुळे आईला घास चावण्याशिवाय दुसरं काम उरत नाही. एका घासाला काकूंच्या नणंदेची अख्खी गोष्ट होते, आणि नणंदा चार. दगड बसल्यासारखं वाटलं की काकू थांबायच्या, पाठीवर हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "घाई नाही, अजून जावेचं राहिलंय." शर्लिन मॅडमनी 'सावकाश खा' असं छापील कागदावर चार ठिकाणी लिहिलं होतं. कागदाला नणंद नसते.

डब्यांचा प्रश्नही काकूंनीच सोडवला. त्यांनी माझ्या कंपासपेटीतून किल्ली घेतली, मला माळ्यावर चढवलं, साखर खाली काढायला लावली आणि सगळ्या बिल्डिंगला कळवलं, की इथून पुढे या घरून डब्यात चिमूटभर साखर येईल, तेवढ्यानं डबा भरून आला असं समजायचं. वरच्या मजल्यावरच्या बायकांनी शिरा बंद करून मुगाचं धिरडं सुरू केलं. लुईझा मावशी काटे काढलेले मासे वेगळ्या पुडीत आणायच्या आणि जिन्यातूनच ओरडायच्या, "वजनवाली बाय हाय का घरी?" आई पहिल्या दिवशी दचकली. चौथ्या दिवशी तिनं आतूनच उत्तर दिलं, "हाय!"

आता काठीनं टरफलं मोजताना श्रीरंग काका मला आकडा सांगतात. "आज पाच. प्रगती आहे." मी मान हलवते. चार्ट हातात नसताना आकडे स्वीकारणं सोपं नसतं, पण मॉनिटरपदानं मला सहनशीलता शिकवली आहे.

महिना भरला त्या दिवशी मी शाळेला दांडी मारून आईबरोबर गेले. शर्लिन मॅडमनी रिपोर्ट उघडला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. आईनं माझा हात धरला. यावेळी दुखलं.

"रेषेच्या जरा वर आहे," मॅडम म्हणाल्या. "काठावर. पण वर आहे. नळीची गरज नाही." मग त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "असंच चालू ठेवा. काय बदल केलात?"

"शेजारीण," आई म्हणाली. मॅडमनी ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही.

बाहेर बाकावर येऊन बसलो तेव्हा साडेदहा झाले होते. बाकावर आमच्या शेजारी एक अनोळखी बाई होत्या, त्यांच्या पलीकडे आणखी दोघं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. रिपोर्टच्या भीतीनं चहासुद्धा घशाखाली उतरला नव्हता, आणि आता भीती गेल्यावर पोटात असा खड्डा पडला होता, की बाकही खाल्ला असता.

आईनं पिशवीतून डबा काढला. दोन अंडी, कापलेली. तिनं झाकण मांडीवर ठेवलं, शेजारच्या बाईंकडे एकदा पाहिलं, तिचा हात डब्यासकट इंचभर तिकडे सरकला, थांबला आणि परत आला. मग तिनं पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात घातला आणि समोरच्या भिंतीकडे बघत सावकाश चावू लागली. मी मनात मोजत होते. वीस. मग दुसरा. मग तिसरा.

दोन्ही अंडी संपली. मला तिनं विचारलंसुद्धा नाही.